गाडीमागे ट्रेलर जोडताना : परवाना, वजनाचे आकडे आणि रस्त्यावरची स्थिरता (ब्रिटन)

मिडलंड्सकर (धागाकर्ता)

आमच्या भागातील मराठी मंडळाने गणेशोत्सवाचे सामान नेण्यासाठी दरवर्षी व्हॅन भाड्याने घेण्याऐवजी स्वतःचा बंद पेटीचा ट्रेलर घ्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आला आहे. मखराच्या चौकटी, घडीचे व्यासपीठ, ढोल-ताशे, ध्वनिक्षेपक, जनरेटर आणि महाप्रसादाची मोठी पातेली असे ते सामान आहे. चर्चेत किंमत आणि ट्रेलरवर मंडळाचे बोधचिन्ह कुठे लावायचे यांवर पुष्कळ वेळ गेला; तो कोणाची गाडी ओढणार आणि किती वजनापर्यंत ओढू शकणार, हा प्रश्न मात्र ‘माझ्या गाडीला टोबार (ट्रेलर जोडण्याचा मागचा दांडा) आहे’ एवढ्या उत्तरावर मिटला. तो तसा मिटू नये, म्हणून इथे ग्रेट ब्रिटनमधील, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील, नियम मांडत आहे. जाणकारांनी भर घालावी.

परवान्याचा भाग आता सोपा झाला आहे. १ जानेवारी १९९७ नंतर गाडीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना पूर्वी ७५० किलोपेक्षा जड ट्रेलरसाठी बहुतेक वेळा वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली असून असा कोणताही चालक आता ३,५०० किलोपर्यंत कमाल अनुज्ञेय वजनाचा ट्रेलर ओढू शकतो. १९९७ पूर्वी उत्तीर्ण झालेल्यांना साधारणपणे गाडी आणि ट्रेलर मिळून ८,२५० किलोपर्यंतची मुभा आहे. परीक्षा रद्द झाल्यामुळे परवाना सर्वांना मिळाला, शिकवण मात्र कोणालाच सक्तीची राहिली नाही. या धाग्याची गरज मला वाटते ती त्यामुळेच.

खरी गुंतागुंत वजनांत आहे. परवाना ३,५०० किलोंचा आहे म्हणून आपली गाडी ३,५०० किलो ओढू शकते, असा समज मला अनेकांत आढळला. गाडीची मर्यादा तिच्या व्हिन पट्टीवर, म्हणजे ओळख क्रमांकाच्या पट्टीवर, लिहिलेली असते. ही पट्टी बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली सापडते आणि तिच्यावर वजनाचे चार आकडे एकाखाली एक असतात : गाडीचे कमाल भारित वजन, गाडी आणि ट्रेलर यांचे मिळून कमाल वजन (ग्रॉस ट्रेन वेट), पुढच्या आसावरचा (ॲक्सलवरचा) कमाल भार आणि मागच्या आसावरचा कमाल भार. पट्टीवर दुसरा आकडाच नसेल, तर त्या गाडीने ट्रेलर ओढू नये. टोबार बाजारातून आणून बसवता येतो. हा आकडा बसवता येत नाही.

उदाहरणासाठी एक मध्यम आकाराची गाडी घेऊ. तिचे कर्ब वेट (माणसे आणि सामान नसतानाचे वजन) १,४५० किलो, कमाल भारित वजन १,९५० किलो, ट्रेन वेट ३,३५० किलो आणि पुस्तिकेत दिलेली ब्रेकसह ट्रेलर ओढण्याची मर्यादा १,५०० किलो आहे असे समजू. ट्रेलरच्या पट्टीवर कमाल १,५०० किलो लिहिलेले असून तो रिकामा ४२० किलो भरतो. चालक एकटाच असेल आणि गाडी १,६०० किलो भरत असेल, तर ट्रेन वेटच्या हिशेबाने मागे १,७५० किलो चालले असते, पण पुस्तिका १,५०० वर थांबवते. म्हणजे १,०८० किलो सामान भरता येईल. आता त्याच गाडीत चार कार्यकर्ते, त्यांच्या बॅगा आणि डिकीत प्रसादाचे डबे भरून ती १,९५० किलोपर्यंत पोहोचली, तर ३,३५० मधून उरतात १,४००. म्हणजे ट्रेलरमध्ये फक्त ९८० किलो. ट्रेलर तोच, गाडी तीच, आणि माणसे बसल्यामुळे मागचे शंभर किलो सामान बेकायदा ठरते. अनेक मर्यादांपैकी जी सर्वांत आधी गाठली जाते तीच त्या फेरीची मर्यादा असते, आणि ती प्रत्येक फेरीला वेगळी असू शकते.

एक बारकावा लक्षात ठेवावा. परवान्याच्या दृष्टीने ट्रेलरच्या पट्टीवर छापलेले कमाल वजन मोजले जाते. ट्रेन वेट आणि आसांवरील भार यांच्या बाबतीत मात्र रस्त्यावर त्या क्षणी भरणारे प्रत्यक्ष वजन पाहिले जाते. म्हणून सामान भरून एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर जाणे हाच विश्वासार्ह मार्ग आहे. अंदाजाने भरलेला ट्रेलर नेहमी अंदाजापेक्षा जड निघतो.

ब्रेक नसलेल्या ट्रेलरला ७५० किलो किंवा ओढणाऱ्या गाडीच्या कर्ब वेटच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल ती मर्यादा आहे. वरच्या गाडीच्या बाबतीत निम्मे म्हणजे ७२५ किलो. त्यातही उत्पादकाने पुस्तिकेत ६५० म्हटले असेल तर ६५०. ट्रेलरचे कमाल वजन ७५० किलोपेक्षा अधिक असेल, तर त्याला चालू स्थितीतील ब्रेक असलेच पाहिजेत.

---

गॅरेजवाला

धागा उपयुक्त आहे. आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ट्रेलरांवरून सांगतो की, एकूण वजन मर्यादेत असूनही धोकादायक रीतीने भरलेले ट्रेलर मला अतिभारित ट्रेलरांपेक्षा अधिक दिसतात. त्यामुळे ‘किती’ इतकाच ‘कुठे’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

ट्रेलरचे कपलिंग (पुढची जोडणी) गाडीच्या टोबॉलवर, म्हणजे टोबारच्या टोकाच्या गोळ्यावर, जो खालच्या दिशेचा भार टाकते, त्याला इथे नोजवेट म्हणतात. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या सुमारे ५ ते ७ टक्के इतके ते असावे, असा ब्रिटन-युरोपातील सर्वसाधारण संकेत आहे. दुसरीकडून गाडीची आणि टोबारची स्वतःची मर्यादा असते आणि ती सामान्य गाड्यांत बहुधा ७५ ते १०० किलोच्या आसपास असते. तुमचा ट्रेलर भरून १,२०० किलो झाला, तर ५ ते ७ टक्के म्हणजे ६० ते ८४ किलो. गाडीची मर्यादा ७५ असेल तर तुम्हाला ६० ते ७५ एवढीच पट्टी मिळते. ती गाठायची असेल तर जनरेटर, व्यासपीठाचे लोखंडी सांगाडे आणि पातेली ट्रेलरच्या आसावर किंवा आसाच्या किंचित पुढे, जमिनीलगत ठेवावीत. ढोल आकाराने मोठे पण त्या मानाने हलके असतात. ते पुढे-मागे आणि वरच्या थरात गेले तरी चालते. व्यवहारात नेमके उलटे होते. उतरवताना आधी लागणार म्हणून जनरेटर सर्वांत शेवटी, मागच्या दाराशी चढवला जातो, आणि नाक वर उचलले जाते.

नोजवेट मोजण्यासाठी साधा मापक मिळतो. तो नसेल तर न्हाणीघरातील वजनकाटा आणि योग्य उंचीचा लाकडी ठोकळा यांवरही काम भागते. मात्र ट्रेलर आडवा, सपाट जमिनीवर आणि कपलिंग टोबॉलच्या उंचीवर असले पाहिजे, अन्यथा आकडा चुकीचा येतो.

मागच्या आसाचा हिशेबही करून पाहा, कारण तो सहसा कोणी करत नाही. टोबॉल मागच्या आसाच्या साधारण एक मीटर मागे असतो. दोन आसांमधील अंतर २.६ मीटर धरले, तर ७५ किलो नोजवेटमुळे मागच्या आसावर ७५ नव्हे, तर तरफेच्या नियमाने ७५ गुणिले ३.६ भागिले २.६, म्हणजे सुमारे १०४ किलो भार वाढतो आणि पुढच्या आसावरून सुमारे २९ किलो कमी होतो. हा भार गाडीच्या कमाल भारित वजनातही धरावा लागतो. डिकी भरलेली आणि मागच्या सीटवर तीन माणसे असतील, तर एकूण वजन मर्यादेत राहूनही मागचा आस मर्यादा ओलांडतो.

---

टेक्ससवासी

आमच्याकडे हेच प्रमाण १० ते १५ टक्के सांगितले जाते आणि ट्रेलर डोलू लागला की ‘पुढे अधिक वजन घाला’ असाच सल्ला मिळतो. मग ५ टक्के कमी नाही का?

---

गॅरेजवाला

@टेक्ससवासी, दोन्ही संकेत आपापल्या व्यवस्थेत बरोबर आहेत, पण एकाचा आकडा दुसरीकडे नेता येत नाही. अमेरिकेत ओढणारी वाहने मुख्यतः शिडीच्या चौकटीवर बांधलेले पिकअप ट्रक असतात, ट्रेलरचा आस तुलनेने मागे असतो, जड ट्रेलरसाठी भार पुढच्या आसाकडे वळवणारे हिच (जोडणीचे साधन) वापरतात आणि ट्रेलरसह वेगही जास्त असतो. इथे सामान्य प्रवासी गाडी, मध्यभागाजवळ आस असलेला ट्रेलर आणि ट्रेलरसाठी कमी वेगमर्यादा अशी जोडी आहे. वरच्याच १,२०० किलोच्या ट्रेलरला तुमचे १० ते १५ टक्के लावले, तर १२० ते १८० किलो होतील आणि ७५ किलोची मर्यादा असलेल्या टोबारवर ते बेकायदाही ठरतील आणि पुढची चाके हलकी होऊन सुकाणूची पकडही जाईल. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे समान आहे : नोजवेट शून्याकडे किंवा उणे बाजूला गेले, की ट्रेलर डोलणारच.

---

कार्डिफकर

वेगाबद्दल लिहायचे राहिले आहे. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला दुभाजक नसलेल्या दुतर्फा मार्गावर ताशी ५० मैल आणि दुभाजक असलेल्या मार्गावर व मोटारवेवर ताशी ६० मैल ही मर्यादा आहे. नुसत्या गाडीला याच ठिकाणी अनुक्रमे ६० आणि ७० असते. वस्तीतील ३० मैलांची मर्यादा सर्वांना सारखीच आहे, आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून अशा बहुतेक रस्त्यांवर ती २० आहे. तीन किंवा अधिक मार्गिकांच्या मोटारवेवर ट्रेलरसह सर्वांत उजव्या मार्गिकेत जाता येत नाही. सॅटनॅव्ह दाखवतो ती वेगमर्यादा नुसत्या गाडीची असते. आपण ट्रेलर ओढत आहोत हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

आरशांबाबतही बोलायला हवे. पेटीचा ट्रेलर गाडीच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल, तर मूळ आरशांत मागचा रस्ता पुरेसा दिसत नाही आणि वाढीव आरसे लावावे लागतात. योग्य दृश्य नसताना ओढल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड आणि परवान्यावर ३ दंडगुण होऊ शकतात. उलट दिशेने, ट्रेलर सोडल्यावर ते आरसे काढूनही ठेवावेत; रुंदावलेल्या आरशांनी अरुंद गल्लीत जाणे समोरच्याला त्रासदायक असते.

सेव्हर्न नदी ओलांडणाऱ्यांनी वाऱ्याच्या सूचना पाहूनच निघावे. जोराचा वारा असला की एम४८ मोटारवेवरचा जुना पूल बंद करून वाहतूक एम४ वरच्या पुलाकडे वळवतात. बंद पेटीच्या ट्रेलरला बाजूने बसणारा वारा काय करतो, हे उघड्या ट्रेलरची सवय असलेल्याच्या लक्षात पटकन येत नाही.

---

चाकोरीबाहेर

भाड्याचा ट्रेलर नेताना मोठा ट्रक शेजारून गेला की मागून हलके झोके जाणवतात. एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे आहे की, अशा वेळी थोडा वेग वाढवला की ट्रेलर ताणला जाऊन सरळ होतो. हे योग्य आहे का?

---

गॅरेजवाला

मुळीच नाही, आणि हा सल्ला जितका जुना तितकाच घातक आहे. विस्ताराने लिहितो.

टोबॉलभोवती ट्रेलर झोपाळ्यासारखा डावी-उजवीकडे हलू शकतो. कमी वेगात टायरांचे घर्षण प्रत्येक झोका लहान करत जाते. वेग वाढतो तशी ही शमवण्याची क्षमता घटते आणि एका विशिष्ट वेगानंतर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो वेग किती, हे ट्रेलरच्या वजनावर, नोजवेटवर, टायरमधील हवेवर आणि वजन ट्रेलरच्या दोन टोकांना किती विखुरले आहे यावर अवलंबून असते. दोन टोकांना जड सामान आणि मध्ये ढोल असा ट्रेलर वजनकाट्यावर आणि नोजवेटमध्येही उत्तम दिसेल, पण एकदा हलू लागला की थांबायला फार वेळ घेईल. ट्रक शेजारून जाताना त्याच्या पुढची हवा आधी ढकलते आणि मागची हवा आत खेचते. पहिला झोका तिथून मिळतो. उतारावर ट्रेलर गाडीला मागून रेटत असल्याने धोका वाढतो.

म्हणून झोके जाणवताच वेग कमी व्हायला हवा, आणि तोही हळूच. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा, सुकाणू चक्र सरळ धरावे, झोक्याच्या उलट दिशेला चक्र फिरवून तो ‘पकडण्याचा’ प्रयत्न करू नये आणि ब्रेक जोरात दाबू नये. आपली प्रतिक्रिया नेहमी झोक्याच्या मागे पडते, त्यामुळे चक्र फिरवल्याने झोक्याला बळच मिळते. पहिला इशारा मिळाल्यावर ६० वरून ५० वर आलात, तर गतिज ऊर्जा सुमारे ३१ टक्क्यांनी कमी होते. नंतर सुरक्षित ठिकाणी थांबून सामान पुन्हा रचावे. त्याच रचनेने तसेच पुढे जाणे मला समजण्यापलीकडचे आहे.

घर्षणाने झोके शमवणारे कपलिंग आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लावणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली या दोन्ही चांगल्या आहेत. मात्र चुकीच्या भरणीवरचा तो उपाय नव्हे. त्या बसवल्यावर चालकाला पहिला इशारा उशिरा जाणवतो, हेही लक्षात असू द्यावे.

---

मिडलंड्सकर (धागाकर्ता)

@गॅरेजवाला, मनःपूर्वक आभार. सामान चढवण्याचा नकाशा आता मी ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला लावण्याचा प्रस्ताव मांडणार आहे. काही कॅरॅव्हॅनधारक भरलेला ट्रेलर गाडीच्या कर्ब वेटच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा असे सांगतात. त्याचे कायद्यातील स्थान काय?

---

गॅरेजवाला

ती कायद्याची अट नाही. कॅरॅव्हॅनच्या जगातला, विशेषतः नवख्यांसाठीचा सल्ला आहे. पण सल्ला चांगला आहे. तुमच्या उदाहरणातील गाडीला तो १,२३२ किलोवर थांबवतो, म्हणजे कायदा देतो त्यापेक्षा बरेच आधी. मंडळात चालक दरवर्षी बदलणार असतील, तर मी हाच आकडा मर्यादा म्हणून ठेवीन.

---

राइनकाठ

तुलनेसाठी जर्मनीतील माहिती देतो. इथे गाडी-ट्रेलरला सर्वसाधारणपणे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. विशिष्ट अटी पूर्ण केल्यास ऑटोबानवर १०० ची परवानगी मिळते आणि ट्रेलरच्या मागे तसा शिक्का लावतात. त्या अटींपैकी मला सर्वांत शहाणी वाटलेली अट टायरच्या वयाची आहे : ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत. वर्षातून चार-पाच वेळाच चालणाऱ्या ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, पण उन्हाने आणि उभे राहण्याने कडक होऊन भेगाळतात. टायरच्या कडेवरील चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

---

गॅरेजवाला

ही अट ब्रिटनमध्ये कायद्याने नसली तरी पाळावी. टायरच्या ट्रेडची (खाचांची) किमान खोली इथे गाडीप्रमाणेच १.६ मिलिमीटर आहे. टायरचा भारांकही, म्हणजे तो किती भार पेलतो हे सांगणारा आकडाही, पाहावा : ८४ हा भारांक म्हणजे प्रत्येकी ५०० किलो, म्हणजे एक आस आणि दोन चाके असलेल्या ट्रेलरला टायरांवर १,००० किलो. कोणी स्वस्तात टायर बदलून दिले असतील, तर पट्टीवर १,५०० लिहिलेले असूनही हीच तुमची मर्यादा. ट्रेलर हलके असोत की जड, ३,५०० किलोपर्यंत त्यांना इथे वार्षिक एमओटी तपासणी नाही. म्हणजे तुमच्याशिवाय कोणी तपासणार नाही. चाक बदलल्यावर साधारण ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून पाहावेत.

---

नवखा_चालक

जोडण्याची क्रमवार पद्धत कोणी सांगेल का? आणि त्या पातळ तारेचे काय करायचे असते? एका ठिकाणी ती टोबॉलच्या मानेभोवती तीन वेढे देऊन बांधलेली पाहिली.

---

कार्डिफकर

कपलिंग बॉलवर उतरवून त्याची कुलूपपट्टी बसल्याची खात्री डोळ्यांनी करावी. अनेक कपलिंगवर त्यासाठी हिरवी खूण दिसते. मग जॉकी व्हील (ट्रेलरच्या नाकाखालचे लहान आधारचाक) फिरवून ट्रेलरचे नाक वर उचलावे. गाडीचा मागचा भाग त्याबरोबर वर आला तर पकड बसली आहे. ट्रेलर बॉलवरून सुटून एकटाच वर आला तर नाही. ही खात्री झाली की जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन घट्ट करावे, ट्रेलरचा हँडब्रेक सोडावा, विजेचा प्लग लावावा आणि दुसऱ्या माणसाला मागे उभे करून सर्व दिवे तपासावेत. जुन्या ट्रेलरला सात पिनांचा आणि नव्याला तेरा पिनांचा प्लग असतो, म्हणून ॲडॅप्टर जवळ ठेवावा. मागे गाडीच्याच क्रमांकाची पाटी आणि दोन लाल त्रिकोणी परावर्तक हवेत.

ही तपासणी अतिरेकी वाटत असेल, तर जानेवारी २०१४ मधील ब्रिस्टलची घटना आठवावी. तिथल्या बेडमिन्स्टर भागात गाडीपासून सुटलेल्या सुमारे दोन टनांच्या ट्रेलरने पदपथावरून आईबरोबर जाणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. त्यानंतर ट्रेलरच्या सुरक्षेची चर्चा संसदेपर्यंत गेली आणि २०१८ च्या ट्रेलर नोंदणीच्या कायद्यात अशा अपघातांचा अहवाल सरकारने सादर करावा, अशी तरतूद झाली.

---

गॅरेजवाला

तारेबद्दल मी लिहितो. ब्रेक असलेल्या ट्रेलरची ती ब्रेकअवे तार असते. ट्रेलर सुटला की ती ताणली जाऊन ट्रेलरचा हँडब्रेक ओढते आणि मग स्वतः तुटते. ट्रेलर गाडीला धरून ठेवणे हे तिचे काम नाही. त्याला जागीच थांबवणे हे आहे. त्यामुळे ती टोबारवर तिच्यासाठी दिलेल्या कड्यात अडकवावी. मानेभोवतीचा वेढा बॉलवरून निसटू शकतो, आणि काढता येणाऱ्या टोबारचा बॉलच निघून आला तर तार त्याच्याबरोबर जाते. तीन वेढे दिल्याने ती आखूड होऊन वळणावर चालता चालता ब्रेक लावील, हा आणखी वेगळा प्रकार. सैल सोडून जमिनीवर घासणारीही नको. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला तारेऐवजी साखळी असते आणि ती मात्र तुटू नये अशीच असते, म्हणजे नाक रस्त्यावर न आपटता ट्रेलर गाडीमागेच राहतो.

टोबारही साधा पाहून चालत नाही. १ ऑगस्ट १९९८ पासून प्रथम वापरात आलेल्या गाड्यांना त्या गाडीसाठी मान्यताप्राप्त टोबारच लागतो आणि त्यावर मान्यतेची पट्टी असते. २९ ऑक्टोबर २०१२ नंतर बनलेल्या ट्रेलरनाही प्रकारमान्यता (त्या नमुन्याला अधिकृत मान्यता) आवश्यक आहे. जुना, पट्टी नसलेला, ‘मित्राने वेल्ड केलेला’ ट्रेलर कितीही स्वस्त मिळाला तरी मंडळाने घेऊ नये.

---

वीजगाडी

ज्यांच्याकडे विजेच्या गाड्या आहेत त्यांनी आधी पुस्तिका पाहावी. काही मॉडेलांना ट्रेलर ओढण्याची मान्यताच नाही, आणि त्यांना मिळणारा ‘टोबार’ केवळ सायकलींच्या स्टँडसाठी असतो. मान्यता असली तरी उंच पेटीच्या ट्रेलरमुळे पल्ला निम्म्यापर्यंत येऊ शकतो, आणि बहुतेक चार्जिंगच्या जागी ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी मावत नाही.

---

पुणेरी_स्टिअरिंग

पुण्याहून वाचतो आहे. इकडे खाजगी गाडीमागे दुचाकी किंवा होडी नेण्याचा ट्रेलर लावायचा तर?

---

मिडलंड्सकर (धागाकर्ता)

वरील एकही ब्रिटिश आकडा तिकडे धरू नये. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे आणि कलम ६१ प्रमाणे त्याची नोंदणी लागते. त्याचा स्वतःचा क्रमांक बाजूवर आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक मागे असावा लागतो. इथे लहान ट्रेलरला स्वतःचा क्रमांकच नसतो, त्यामुळे तुलना पहिल्याच पायरीवर संपते. फॅब्रिकेटरकडून बनवून घेण्याआधी आपल्या आरटीओमध्ये नोंदणीबाबत विचारावे आणि गाडीच्या उत्पादकाने ओढण्याची क्षमता दिली आहे का, हे पाहावे. नोंदणीविना लावलेल्या ट्रेलरने अपघात झाल्यास विम्याचा प्रश्न उभा राहील.

---

नवखा_चालक

जोडणे कळले. उलटे नेणे अजून जमत नाही.

---

टेक्ससवासी

इथे मात्र अमेरिकेचा सल्ला चालेल. सुकाणू चक्र खालच्या बाजूने, घड्याळातील सहाच्या जागी धरा. ट्रेलर ज्या बाजूला जायला हवा, त्या बाजूला हात न्या. हालचाली लहान ठेवा आणि कोन वाढू लागला की पुढे जाऊन सरळ करा. मागे जातच दुरुस्त करण्याच्या हट्टातून ट्रेलर गाडीच्या कोपऱ्यावर येतो. आखूड ट्रेलर लांब ट्रेलरपेक्षा वेगाने वळतो, म्हणून तो अधिक कठीण असतो. रिकाम्या पार्किंगमध्ये सराव करणे आणि मागे हातवारे करणारा एकच माणूस ठेवणे उत्तम. चार जण चार दिशा दाखवू लागले की चालक कोणाचेच ऐकत नाही.

---

कार्डिफकर

विम्याचे दोन प्रश्न मंडळाने लेखी विचारून घ्यावेत. जोडलेल्या ट्रेलरमुळे तिसऱ्या पक्षाचे झालेले नुकसान गाडीच्या विम्यात बहुधा येते; खुद्द ट्रेलर आणि त्यातील सामान यांचे सहसा येत नाही. शिवाय एखाद्या सदस्याने खाजगी विम्याच्या गाडीने संस्थेचे सामान नेणे त्याच्या विमा कंपनीला मान्य आहे का, हेही कळले पाहिजे.

---

मिडलंड्सकर (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कार्यकारिणीने आता ठरवले आहे की, गाडीच्या व्हिन पट्टीचे आणि टोबारच्या पट्टीचे छायाचित्र दिल्याशिवाय कोणाचे नाव चालक म्हणून घ्यायचे नाही. सामान रॅचेटच्या पट्ट्यांनी बांधायचे; लवचिक दोऱ्या केवळ वरच्या कापडासाठी. एक शेवटचा प्रश्न : विसर्जनाच्या रात्री उशीर झाल्यास ट्रेलर सोडून सभागृहासमोरच्या रस्त्यावर सकाळपर्यंत उभा ठेवावा, असे काही जण सुचवत आहेत. हँडब्रेक लावून चाकांना अडसर घातले तर चालेल ना?

---

कार्डिफकर

चालणार नाही. हायवे कोड या ब्रिटनच्या रस्ते-नियमपुस्तिकेप्रमाणे ट्रेलर रात्री रस्त्यावर दिव्यांविना उभा ठेवता येत नाही, आणि गाडीपासून सोडलेल्या ट्रेलरच्या दिव्यांना वीज कुठून देणार? सभागृहाच्या आवारात जागा मिळते का ते आधीच विचारावे, कपलिंगला कुलूप लावावे आणि चाकाला क्लॅम्प घालावा. आवारात जागा नसेल, तर त्या रात्री रिकामा ट्रेलर परत नेणारा एक चालक आधीच नेमून ठेवावा.